काचबिंदूचे थेंब चालू आहेत? मग नाडीही मोजा

मागच्या पावसाळ्यात आई जिना चढताना मधल्या वळणावर थांबायला लागली. "हवा दमट आहे गं," एवढंच म्हणायची. मग एके सकाळी पूजा आटोपून उठताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तिने देव्हाऱ्याची चौकट घट्ट धरली. त्याच दिवशी फॅमिली डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, "औषधं कोणती चालू आहेत?" आईने पर्समधून बीपीच्या गोळ्यांची स्ट्रिप काढली. "ही एवढीच. बाकी काही नाही." शेजारी बसून मीही मान डोलावली. डॉक्टरांनी तिचं मनगट हातात घेतलं आणि बराच वेळ घड्याळाकडे बघत राहिले. ठोके भरले ४६.

बीपीची गोळी मेटोप्रोलोल होती, आठ वर्षांपासूनची. त्या गोळीवर तिची नाडी नेहमी ६८-७० असायची. नवीन एकच गोष्ट घडली होती: पाच आठवड्यांपूर्वी काचबिंदूसाठी थेंब सुरू झाले होते आणि त्यात टिमोलोल होतं, म्हणजे मेटोप्रोलोलच्याच जातीचं, ठोके मंदावणारं औषध. आईच्या लेखी ते औषध नव्हतंच, ते "डोळ्यात घालायचं" होतं. मी फार्मासिस्ट आहे. १७ वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभी आहे, आणि ती बाटली मी स्वतःच्या हाताने घरी आणली होती. तेव्हापासून काचबिंदूची बाटली देताना मी प्रत्येकाजवळ चार-पाच मिनिटं जास्त थांबते. तेवढ्या वेळात जे सांगते आणि जे सांगायचं राहून जातं, ते सगळं इथे लिहीत आहे.

आधी एक गोष्ट ठाम सांगते. हे वाचून कुणीही थेंब बंद करू नका. काचबिंदूत डोळ्याची नस हळूहळू खराब होते आणि थेंब डोळ्याचं प्रेशर उतरवून ती जपतात. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही आणि ती जाताना दुखत-खुपतही नाही. थेंब चुकवून चालत नाही, म्हणूनच ते नीट टाकायचे आणि अंगावर काय करतात त्याकडे लक्ष ठेवायचं.

डोळ्यातला थेंब नाकात कसा जातो

बाटलीतून पडणारा एक थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. खालच्या पापणीच्या खोबणीत फार तर ३० मायक्रोलिटर मावतं आणि तिथे आधीच ७ ते १० मायक्रोलिटर अश्रू असतात. म्हणजे थेंब पडला त्या क्षणीच त्यातला बराचसा भाग जास्तीचा ठरतो. थोडा गालावर ओघळतो, उरलेला पापणीच्या नाकाकडच्या कोपऱ्यातल्या दोन बारीक छिद्रांतून अश्रुनलिकेत उतरतो आणि नाकात पोचतो. रडताना नाक वाहतं ना, तोच हा रस्ता.

नाकाचं आतलं अस्तर म्हणजे रक्तवाहिन्यांची दाट जाळी. गोळी गिळली की औषध पोटातून आधी यकृताकडे जातं आणि टिमोलोलच्या बाबतीत जवळजवळ निम्मं तिथेच निकामी होतं. नाकातून शोषलेलं औषध यकृताचा हा पहिला नाका चुकवून सरळ रक्तात मिसळतं. मात्रा तशी लहान असते. ०.५ टक्के टिमोलोल म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम. दोन्ही डोळ्यांत दिवसातून दोनदा एकेक थेंब टाकला तर दिवसाला जेमतेम १ मिलिग्रॅम. बहुतेकांना तेवढ्याने काही होत नाही. पण हृदयाचे ठोके आधीच मंद असतील, दमा असेल किंवा त्याच जातीची गोळी पोटात जात असेल, तर एवढंही पुरतं.

थेंब रक्तात जातो का अशी शंका असेल तर डोळ्याच्या डॉक्टरांना फार वर्षांपासून माहीत असलेली एक गोष्ट ऐका. टिमोलोल एकाच डोळ्यात टाकलं तरी दुसऱ्या डोळ्याचं प्रेशरही थोडं उतरतं.

पहिली पायरी: बाटली वाचा

बाटलीवर मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव असतं. त्याने काही कळत नाही. लेबल फिरवा, चष्मा लावा किंवा मोबाइलवर फोटो काढून मोठा करून बघा, आणि बारीक अक्षरातलं घटकाचं नाव शोधा. जन औषधी केंद्रातून बाटली घेतली असेल तर हेच नाव ठळक छापलेलं असतं. मग नावाचं शेपूट बघा.

नाव "लोल" वर संपत असेल, म्हणजे टिमोलोल, बेटॅक्सोलोल, लेव्होबुनोलोल, तर ते बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणारं औषध. बीपीच्या आणि हृदयाच्या कितीतरी गोळ्यांची नावंही अशीच संपतात: मेटोप्रोलोल, अ‍ॅटेनोलोल, बिसोप्रोलोल, प्रोप्रानोलोल. घरात दोन "लोल" सापडले, एक बाटलीत आणि एक स्ट्रिपमध्ये, तर ही गोष्ट दोन्ही डॉक्टरांच्या कानावर घातलीच पाहिजे. दोन्ही एकत्र देता येतच नाहीत असं नाही. पण दोन्ही चालू आहेत हे दोघांनाही ठाऊक असायला हवं.

"झोलामाइड" वर संपणारी डॉर्झोलामाइड आणि ब्रिन्झोलामाइड. "प्रोस्ट" वर संपणारी लॅटानोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट, बिमाटोप्रोस्ट, टॅफ्लुप्रोस्ट. ब्रिमोनिडीन हे चौथं नाव लक्षात ठेवा. पायलोकार्पिन हे जुनं औषध आता कमी दिसतं, पण दिसतं.

खरी गोम जोडऔषधांत आहे. ब्रिमोनिडीन अधिक टिमोलोल, डॉर्झोलामाइड अधिक टिमोलोल, बिमाटोप्रोस्ट अधिक टिमोलोल अशा कितीतरी बाटल्या मिळतात. पेशंट फक्त पहिलं नाव लक्षात ठेवतो आणि दमा असूनही त्याला वाटतं, आपण तर टिमोलोल घेतच नाही. माझ्या आईच्या बाटलीतही टिमोलोल दुसऱ्या ओळीवर होतं.

टोपणाच्या रंगावर जाऊ नका. अमेरिकेत औषधगटाप्रमाणे टोपणांचे रंग ठरलेले आहेत, टिमोलोलला पिवळं वगैरे. आपल्याकडे प्रत्येक कंपनी तो संकेत पाळेलच असं नाही. मुलाकडे सहा महिन्यांसाठी परदेशी जाणाऱ्या आईवडिलांनी तर घटकाचं नाव आणि टक्केवारी लिहिलेला कागद पासपोर्टसोबतच ठेवावा. इथलं कंपनीचं नाव तिथे कुणी ओळखणार नाही.

दुसरी पायरी: थेंब सुरू होण्याआधी तोंड उघडा

डोळ्याच्या दवाखान्यात गर्दी असते, तपासण्या लांबतात, बाहुली मोठी करायचं औषध घालून तासभर बसवतात. डॉक्टरांसमोर पोचेपर्यंत पेशंट दमलेला असतो. म्हणून हे घरून कागदावर लिहून न्या आणि विचारलं नाही तरी सांगा:

- दमा किंवा सीओपीडी (धाप लागणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे, कधी काळी होता, लहानपणी होता, थंडीत पंप लागतो.
- नाडी मंद असते, हृदयाच्या विजेच्या वहनात अडथळा म्हणजे "ब्लॉक" सांगितला आहे, हार्ट फेल्युअरवर उपचार चालू आहेत.
- मधुमेह आहे आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत.
- सल्फाची अ‍ॅलर्जी आहे, किडनी कमजोर आहे, मुतखडा होऊन गेला आहे.
- दिवस गेले आहेत, तसा विचार आहे किंवा बाळ अंगावर पितं.
- नैराश्यावरचं औषध चालू आहे.

शेवटचा मुद्दा ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. फ्लुऑक्सेटीन, पॅरॉक्सेटीन यांसारख्या गोळ्या यकृतातलं टिमोलोल मोडणारं यंत्र मंद करतात. मग टिमोलोल रक्तात जास्त साठतं. ब्रिमोनिडीनचं तर जुन्या प्रकारच्या काही नैराश्यविरोधी गोळ्यांशी, म्हणजे एमएओ इनहिबिटरशी, मुळीच जमत नाही. हृदयासाठी व्हेरापामिल, डिल्टियाझेम किंवा डिगॉक्सिन चालू असेल तर तेही टिमोलोलच्या जोडीने ठोके आणखी कमी करतात.

दमा असलेल्याला टिमोलोल द्यायचं नसतं. यात मधला मार्ग नाही. बेटॅक्सोलोल फुप्फुसांना त्यामानाने कमी त्रास देतं, पण "कमी" म्हणजे "शून्य" नव्हे.

तिसरी पायरी: आधीचे आकडे लिहून ठेवा

ही पायरी जवळजवळ कुणीच करत नाही. थेंब सुरू करण्याआधी तीन दिवस, सकाळी, चहाच्या आधी, पाच मिनिटं शांत बसून नाडी आणि बीपी मोजा आणि कॅलेंडरवरच लिहा. थेंब सुरू झाल्यावर पहिले दोन आठवडे रोज, नंतर आठवड्यातून एकदा. आईचे आधीचे आकडे बीपीच्या वहीत होते म्हणूनच ४६ हा आकडा तिच्यासाठी किती खाली आहे, ते डॉक्टरांना लगेच कळलं. वहीत काहीच नसतं तर "वयामुळे असेल" म्हणून तो विषय कदाचित तिथेच संपला असता.

नाडी बोटांनीच मोजा. तळहात वर करा. अंगठ्याच्या रेषेत, मनगटाच्या घडीखाली दोन बोटं खोलगट भागात हलकेच ठेवा. दाबलं तर नाडी हरवते. स्वतःचा अंगठा वापरू नका, त्याचेच ठोके लागतात. पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणणं तरुणांना चालतं. वयस्कर माणसाचे ठोके अधूनमधून चुकत असतील तर गुणाकारात चूकही चौपट होते. बीपीचं डिजिटल मशीन नाडी दाखवतंच, आणि कोरोनाच्या काळात घरोघरी घेतलेला ऑक्सिमीटर ड्रॉवरमध्ये पडून असेल तर त्यावरही ती दिसते. त्याचे सेल तेवढे तपासा.

चौथी पायरी: थेंब टाकण्याची खरी पद्धत

औषध न बदलता, एक पैसा न खर्च करता अंगावरचे परिणाम कमी करण्याचा हा एकमेव उपाय आहे. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात थेंब टाकल्यावर पाच मिनिटं डोळे मिटून ठेवणं किंवा डोळ्याचा आतला कोपरा दाबून धरणं, यांपैकी कोणत्याही एका उपायाने रक्तात जाणारं टिमोलोल ६० टक्क्यांहून अधिक घटलं होतं. शिवाय औषध डोळ्यात जास्त वेळ टिकतं, म्हणजे डोळ्यालाही फायदाच.

हात साबणाने धुवा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा आणि थेंबांनंतर १५ मिनिटं लावू नका. ब्रिन्झोलामाइडची बाटली हलवून घ्या, ते औषध तळाशी बसतं.

खुर्चीत मान मागे टेकवा किंवा सरळ आडवे व्हा. हात थरथरत असेल तर आडवं होणंच बरं. एका हाताच्या तर्जनीने खालची पापणी हलकेच ओढा, म्हणजे छोटी खोबण तयार होते. बाटली धरलेल्या हाताचा तळ कपाळावर टेकवला तर तो हलत नाही. नजर छताकडे. बाटलीचं टोक डोळ्याला किंवा पापणीच्या केसांना लागू न देता एकच थेंब सोडा. "नीट पडला की नाही कळलं नाही म्हणून आणखी एक टाकला" हे मी रोज ऐकते. पहिला पडला असेल तर दुसऱ्याला डोळ्यात जागाच नाही. तो नाकातच जाणार. शंका येत असेल तर बाटली फ्रिजमध्ये ठेवून गार करा. गार थेंब पडला की लगेच कळतो.

आता डोळा अलगद मिटा, झोपेत मिटतो तसा. आवळू नका आणि उघडझाप करू नका. पापणीची प्रत्येक उघडझाप पंपासारखी काम करून औषध अश्रुनलिकेत ढकलते. मिटल्यावर तर्जनीचं पेर डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर ठेवा, जिथे चष्म्याच्या नाकपट्टीची खूण पडते त्याच्या थोडं वर आणि डोळ्याकडे. तिथे बोटाखाली हाडाची कड लागते. दाब त्या हाडावर, नाकाच्या दिशेने द्यायचा. बुबुळावर अजिबात नाही. किमान दोन मिनिटं, जमलं तर पाच. आईने त्यासाठी जपमाळ काढली आहे. एका हाताचं बोट डोळ्याच्या कोपऱ्यावर, दुसऱ्या हातात माळ. दोन्ही डोळ्यांत थेंब असतील तर अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत नाकाचं मूळ धरलं की दोन्ही कोपरे एकदम दाबले जातात. मग डोळे उघडण्यापूर्वी पापणीवरचं आणि गालावरचं औषध स्वच्छ टिश्यूने टिपून घ्या. ते त्वचेतूनही शोषलं जातं.

दाब बरोबर जागी आहे का, हे डॉर्झोलामाइड किंवा ब्रिन्झोलामाइड घेणाऱ्यांना आपोआप कळतं. थेंबानंतर घशात कडू चव आली तर औषध नाकातून खाली उतरलं. बोट दोन-तीन मिलिमीटर सरकवून दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. कडवटपणा गेला की जागा सापडली.

दुसऱ्या बाटलीचा थेंब किमान पाच मिनिटांनी टाका, नाहीतर तो पहिल्याला धुऊन काढतो. डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर कोपरा दाबण्याआधी डॉक्टरांना विचारा. तोपर्यंत नुसते डोळे मिटून पडून राहिलात तरी चालेल.

पाचवी पायरी: कोणत्या औषधाला काय बघायचं

टिमोलोल आणि त्याच्या भावंडांवर सर्वांत जास्त लक्ष ठेवा. ठोके मंदावणं, उठताना अंधारी, चढ चढताना धाप, छातीत सूं सूं आवाज, रात्रीचा कोरडा खोकला. हे एवढं लोक ओळखतात. न ओळखली जाणारी लक्षणं वेगळीच आहेत: उत्साह जाणं, दिवसभर पडून राहावंसं वाटणं, नातवंडांत रस न उरणं, विसराळूपणा, पुरुषांमध्ये लैंगिक अडचण. सत्तरीच्या माणसाने यातलं काहीही सांगितलं की घरचे म्हणतात, "आता वय झालं." वय एका महिन्यात होत नाही. बाटलीवर ती उघडल्याची तारीख लिहिलेली असेल तर ती आणि त्रास सुरू झाल्याची तारीख शेजारी शेजारी मांडून बघा. मात्र त्रास पहिल्या दिवशीच सुरू होईल असं नाही. काहींना महिन्यांनी जाणवतो, विशेषतः मध्येच हृदयाची एखादी नवी गोळी सुरू झाल्यावर.

मधुमेह असलेल्यांसाठी आणखी एक. साखर एकदम खाली गेली की हात थरथरतात, छातीत धडधडतं, आणि त्यावरून माणूस सावध होऊन तोंडात साखर टाकतो. बीटा ब्लॉकर ही धडधड आणि थरथर दाबून टाकतो. घाम मात्र येतोच. त्यामुळे कारण नसताना दरदरून घाम फुटला तर थरथर सुरू होण्याची वाट न बघता ग्लुकोमीटर काढा.

टिमोलोल दिवसातून एकदाच घ्यायला सांगितलं असेल तर ते सकाळी घेणं बरं. रात्री झोपेत बीपी एरवीच उतरलेलं असतं, त्यात हे औषध आणखी उतरवू शकतं. आणि झोपेच्या वेळी डोळ्याचं प्रेशर कमी करण्यात टिमोलोल तसंही कमी पडतं. बीपीच्या गोळ्या रात्री घेत असाल तर हे डोळ्याच्या डॉक्टरांनाही सांगा. रात्री बीपी फार उतरलं तर डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठाही कमी होतो, आणि काचबिंदूत आधीच घायाळ झालेली नस हीच आहे.

ब्रिमोनिडीनने तोंडाला कोरड पडते, झापड येते, बीपी थोडं उतरतं. दुपारचा थेंब टाकून लगेच दुचाकी काढू नका, निदान पहिले काही दिवस. झोपेची गोळी किंवा दारू सोबत असेल तर झापड वाढते. लहान मुलांना हे औषध धोक्याचं आहे. दोन वर्षांखालच्या बाळाला ते द्यायचंच नसतं, श्वास मंदावून थांबू शकतो. आजीची बाटली खालच्या फळीवर आणि नातू रांगणारा, असं घर असेल तर बाटली आजच वर ठेवा. चुकून मुलाच्या पोटात गेली तर झोपेल मग उठेल असं म्हणत न बसता तडक दवाखाना गाठा.

डॉर्झोलामाइड, ब्रिन्झोलामाइड यांची कडू चव सोडली तर बहुतेकांना अंगावर फारसं काही जाणवत नाही. पण ही औषधं सल्फाच्या कुळातली आहेत. अंगावर पुरळ, तोंडात फोड, ताप असं काही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. किडनी फारच कमजोर असेल तर ही टाळतात.

याच कुळातली गोळी म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड, बहुतेकांना डायमॉक्स या नावाने माहीत. प्रेशर खूप वाढलं की किंवा ऑपरेशनच्या आधी काही दिवस ती देतात. हाताच्या बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या, सारखी लघवी, भूक मरणं, सोडा किंवा कोल्ड्रिंक बेचव लागणं, हे तिचे नेहमीचे परिणाम. मुंग्या आल्या म्हणून लकवा मारतोय की काय, असं घाबरून माझ्या दुकानात आलेले लोक मी पाहिले आहेत. आधी कुणी सांगितलं असतं तर ती रात्र त्यांनी जागून काढली नसती. पोटॅशियम कमी होऊन पायांत गोळे येतात, अशक्तपणा येतो. त्यासाठी केळी, शहाळं यांचा मारा स्वतःच्या मनाने सुरू करू नका. किडनीचा त्रास असेल तर पोटॅशियम वाढणंही तितकंच वाईट. रक्ततपासणी करून ठरवू द्या. मुतखडा होऊन गेलेल्यांनी पाणी भरपूर प्यावं आणि कमरेत कळ आली तर लगेच सांगावं.

"प्रोस्ट" वाली औषधं रात्री एकदाच टाकायची असतात आणि शरीरावर त्यांचा परिणाम सर्वांत कमी. अधूनमधून कुणाला अंगदुखी, डोकेदुखी. बाकी सगळं डोळ्यापुरतं: लाली, पापणीचे केस लांब होणं, पापणीचा रंग गडद होणं, डोळा थोडा खोल गेल्यासारखा दिसणं. दिवस गेले असतील तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू ठेवू नये. लॅटानोप्रोस्टच्या बहुतेक बाटल्या उघडण्याआधी फ्रिजमध्ये ठेवायच्या असतात. उघडल्यावर २५ अंशांपर्यंत बाहेर चालतात, पण नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात २५ अंश कुठून आणणार? फ्रिजच्या दारातच ठेवा.

पायलोकार्पिन चालू असेल आणि घाम, लाळ, पोटात मुरडा, जुलाब सुरू झाले तर कालच्या जेवणाला दोष देण्याआधी बाटलीकडे बघा.

सहावी पायरी: काही जाणवलं तर

धाप लागली, छातीत आवाज येतोय, बेशुद्ध पडून शुद्ध आली, छातीत दुखतंय, चेहरा किंवा ओठ सुजले: यात थांबायचं नाही. १०८ ला फोन करा किंवा जवळचं इस्पितळ गाठा, आणि बाटली सोबत न्या. पुढचा थेंब डॉक्टरांशी बोलल्याशिवाय टाकू नका.

नाडी ५० च्या खाली आहे, किंवा पूर्वीपेक्षा १५-२० ठोक्यांनी उतरली आहे आणि सोबत चक्कर किंवा थकवा आहे, तर त्याच दिवशी फोन. काही माणसांची, विशेषतः व्यायाम करणाऱ्यांची, नाडी मुळातच पन्नाशीत असते आणि ती ठणठणीत असतात. म्हणून तर आधीचे आकडे हवेत.

मरगळ, झापड, कोरडं तोंड, चवीत बदल अशा सौम्य त्रासासाठी थेंब चालू ठेवा आणि दोन-चार दिवसांत डोळ्याच्या डॉक्टरांना कळवा. कळवताना "थेंब सोसत नाहीत" एवढंच म्हणू नका. असं सांगा: "अमुक तारखेला थेंब सुरू झाले, त्याआधी नाडी ७० होती, आता ५२ आहे, बीपीसाठी मेटोप्रोलोल चालू आहे." असं ऐकल्यावर कोणताही डॉक्टर खुर्चीत पुढे सरकतो.

बीपीची किंवा हृदयाची "लोल" गोळी मात्र स्वतःच्या मनाने एकदम थांबवू नका. ती अचानक बंद केली तर हृदयावर उलटते. काय बदलायचं ते दोन्ही डॉक्टरांना ठरवू द्या. आईच्या बाबतीत दोघे एकमेकांशी फोनवर बोलले, गोळी तशीच राहिली, थेंब बदलून लॅटानोप्रोस्ट आलं. दहा दिवसांनी नाडी ६२ आणि आई जिन्याच्या वळणावर न थांबता वर.

थेंब सोसत नसतील तर पुढे रस्ता बंद होत नाही. जोडऔषधातलं टिमोलोल काढता येतं. टिमोलोलचा जेलसारखा होणारा प्रकार सकाळी एकदा टाकायचा असतो आणि त्यातून रक्तात कमी औषध जातं. एसएलटी नावाचा लेझरही आहे, काही मिनिटांत बाह्यरुग्ण विभागातच होणारा. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, सुरुवातीलाच हा लेझर केलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्के लोकांचं प्रेशर तीन वर्षांनीही थेंबांशिवाय ताब्यात होतं. हा अभ्यास ओपन अँगल (डोळ्यातलं पाणी बाहेर जाण्याचा कोपरा उघडा असलेल्या) प्रकारच्या काचबिंदूवरचा आणि नुसतं प्रेशर वाढलेल्यांवरचा होता. प्रत्येकाला तो लागू पडेल असं नाही. पण "मला लेझर चालेल का?" हे विचारायला काय हरकत आहे?

कोणतंही ऑपरेशन ठरलं, अगदी दाढ काढायची असली तरी, भूल देणाऱ्या डॉक्टरांना थेंबांचं नाव सांगा. टिमोलोलवर असलेल्या माणसाचं हृदय भुलीला आणि इंजेक्शनांना वेगळा प्रतिसाद देऊ शकतं.

औषधाने त्रास झाला तर त्याची नोंद सरकारकडेही करता येते, पेशंटला स्वतःलाही. औषधांच्या दुष्परिणामांवर देखरेख ठेवणारा भारताचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. त्याचा टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४. फोन करण्याआधी औषधाचं नाव, बॅच नंबर, सुरू केल्याची तारीख आणि सोबतची औषधं लिहून घ्या. बॅच नंबर बहुतेक वेळा खोक्यावरच ठळक दिसतो, म्हणून बाटली संपेपर्यंत खोकं टाकू नका.

आमच्या फ्रिजच्या दारावर आता एक कागद चिकटवला आहे. आईची दोन औषधं, त्यातलं वरचं नाव थेंबांचं, खाली सुरू केल्याची तारीख, आणि त्याखाली दर रविवारी ती स्वतःच्या अक्षरात नाडी लिहिते. परवाचा आकडा ६४.